मामाजींचं हॉलंडमधलं गाव

अख्ख्या वर्धा जिल्ह्यात हॉलंडातल्या एका गावाची खिडकी न् खिडकी पाठ असलेला माणूस एकच आहे, आणि तो नागपूरच्या पुढे कधी गेलेला नाही. हा माणूस म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. आमच्याकडच्या रीतीने मी त्यांना मामाजी म्हणते. पवनारला धाम नदीजवळ त्यांची भाजीची वाडी आहे. कोबी, वांगी, पालक, सांबार (म्हणजे तुमची कोथिंबीर), मोसमात जे येईल ते पिकवायचं आणि सकाळी सकाळी वर्ध्याच्या बाजारात हर्रासला, म्हणजे लिलावाला न्यायचं, यात त्यांचा जन्म गेला.

ते गाव त्यांच्या घरात आलं एका कॅलेंडरवरून. त्यांनी पहिल्यांदा कोबी लावला त्या वर्षी बियाण्याच्या कंपनीच्या माणसाने ते दिलं होतं. वर एकच मोठं चित्र, खाली तारखांचे कागद. वर्ष सरलं, कागद फाटून गेले, चित्र राहिलं, त्याला आता तीसेक वर्षं झाली असतील. कुण्या जुन्या डच चित्रकाराने काढलेलं ते गाव आहे. मधून पाण्याचा कालवा, त्यावर कमानीचा पूल, दोन्ही काठांना पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याची विटांची घरं, मागे चर्चचा मनोरा, आणि उजवीकडच्या शेवटच्या घराच्या दारात पांढरी टोपी घातलेली एक बाई. चौकटीला हात लावून ती चित्राच्या बाहेर कुठेतरी बघते आहे.

दुसरा कुणी असता तर जुनं झालं म्हणून ते कॅलेंडर चुलीत गेलं असतं. मामाजी त्या गावात राहायलाच गेले. जेवताना पाट त्या भिंतीकडे तोंड करून. पाहुणा आला की पाणी नंतर, आधी गाव. तिथल्या आभाळात ढग काढलेले आहेत, त्यामुळे ऐन मे महिन्यात, वर्ध्याचं डांबर वितळत असताना, मामाजी चित्राकडे बघून गंभीरपणे सांगायचे, "तिकडं पानी येऊन राह्यलं." पत्ता सांगायचा तर त्याच गावाच्या हिशेबाने. पिपरी मेघेला आम्ही नवं घर बांधलं तेव्हा त्यांनी आल्या आल्या चारी बाजूंनी फिरून पसंती दिली, "पुलाच्या डाव्या हाताचं तिसरं घर आहे न, सेम तसं." पुलाच्या डाव्या हाताचं तिसरं घर कोणतं, हे त्या भागातल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं, पण मिस्त्रीसुद्धा मान डोलावून गेला.

एका लग्नात नवरदेवाचा भाऊ हॉलंडमध्ये नोकरीला असल्याचं त्यांना कळलं. झालं, अक्षता पडायच्या आधी मामाजींनी त्याला मांडवाच्या खांबाशी गाठलं. गावात कमानीचा पूल आहे, मनोऱ्याला घड्याळ नाही, असं असं सगळं सांगून विचारलं, पाहिलं का? तो बिचारा म्हणाला, तीन वर्षं झाली तिकडे, पण ऑफिस आणि घर सोडून फारसं काही पाहिलेलं नाही. मामाजींनी त्याच्याकडे अशा दयेने पाहिलं की तो ओशाळला. "मंग तिथं राहून तू करतं काय, बापा?" वर "जेवून जाजो" म्हणून त्याची पाठही थोपटली, जणू लग्न आपल्याच घरचं आहे.

पण त्या गावावरून त्यांचं खरं भांडण होतं ते मामींशी. दारातली बाई कुणाची वाट पाहते? मामाजींचं म्हणणं, तिचा मुलगा जहाजावर गेला आहे, दूर देशी, वर्षावर्षांनी यायचा. म्हणून तिचा चेहरा तसा. मामी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "काई जहाज नाई न् फिहाज नाई. मानूस बाजारातून यायची वाट पाहून राह्यली ते."

"तुले कसं माहीत?"

"तिचा हात तं पाह्य. चौकटीले कसा लावला. मले नाई समजत का?"

हा वाद वर्षानुवर्षं चालला. आम्ही गेलो की दोघंही आम्हाला पंच करत आणि आमचा निकाल दोघंही मानत नसत. मग एका हिवाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन मामी गेल्या. त्यानंतर मामाजींनी आम्हाला त्या बाईबद्दल कधी विचारलं नाही. बाकीचं गाव दाखवत, मनोरा, पूल, खिडक्या. उजवीकडे आले की थांबत.

मी शाळेत चित्रकला शिकवते. इतक्या वर्षांत ते चित्र कुणाचं हे शोधायचं मला कधी सुचलं नाही, याची लाज वाटते. मागच्या वर्षी पवनारला गेले असताना मी सहज फोनवर त्याचा फोटो काढला आणि त्या फोटोवरून इंटरनेटवर शोध घेतला. तर एकदम समोर आलं, तेच गाव, तोच पूल. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका लिलावघराने ते मूळ चित्र विकायला काढलं होतं. लिलाव तीन आठवड्यांनी होता.

मी मामाजींना सांगितलं तर ते आधी हसले. "चित्राची हर्रास? वांग्यावानी?" मग माझा फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि त्यांचं हसू थांबलं. "सूनबाई, हे मोठं आहे."

खरंच मोठं होतं. कॅलेंडर छापणाऱ्याने चित्राची उजवी बाजू कापली होती. मूळ चित्रात बाईच्या घरापलीकडेही काठ होता आणि काठाला एक होडी लागत होती. होडीत रिकाम्या टोपल्या एकात एक घालून ठेवलेल्या, तळाशी न विकले गेलेले दोन कोबी, आणि एक वाकलेला माणूस खुंटाला दोर बांधत होता. मान वर करून तो दाराकडे बघत होता.

मामाजी खाली बसले. फोनवरचं चित्र विझलं, मी परत लावून दिलं. पुन्हा विझलं, पुन्हा लावलं. मग ते म्हणाले, "तुयी मामी बरोबर होती." आणि थोड्या वेळाने, "आता कोनाले सांगू?"

लिलावाच्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, पिशवीत पालक. लिलाव लॅपटॉपवर बघता येणार होता. मी खुर्ची मांडून दिली, पण ते पुढे सरकत सरकत पार पडद्याला भिडले. सुरुवातीला त्यांच्यातला बाजारचा जुना माणूस जागा होता. बोली पुकारणारा सूटवाला त्यांना मुळीच पसंत पडला नाही. "इतका हळू बोलला तं माल सडून जाईन." मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, "हा घेत नाई. हा नुसता भाव चढवाले बसला." आणि तसंच झालं. पुढच्या तीन चित्रांना त्या गृहस्थाने बोली चढवली आणि ऐनवेळी हात खाली घेतला. मामाजींनी माझ्याकडे विजयाने पाहिलं.

मग गाव आलं. दोन माणसांनी ते धरून उभं केलं. मी मामाजींकडे पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. जन्मभर ज्यांनी रोज सकाळी आपला माल जाऊ दे म्हणून हात जोडले, ते मामाजी हळूच पुटपुटत होते, "नोको जाऊ. नोको जाऊ." माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "इकल्या नाई गेलं तं वापस घरी जाईन न?" मी हो म्हणाले. पण कुणीतरी फोनवरून बोली लावली, दुसऱ्याने वर नेली, फोनवाल्याने आणखी वर नेली, आणि लाकडी हातोडी वाजली. सारं दोन-तीन मिनिटांत. चित्र बाजूला नेलं आणि फळांच्या टोपलीचं दुसरं आणून ठेवलं.

"कोनं घेतलं?"

"नाव सांगत नाहीत मामाजी."

"कोन्त्या गावचा तरी?"

"तेही नाही."

ते पडद्याकडे बघत राहिले. मी चहा आणला तो निवला. मला वाटलं, आता उठतील आणि जातील. पण ते म्हणाले, "त्याले एक चिठ्ठी लिहिता येईन का? ज्यानं घेतलं त्याले." लिलावघराला पत्र लिहिलं तर कदाचित ते पोचवतील, असं मी म्हटलं. मग मामाजींनी मजकूर सांगितला आणि मी तो इंग्रजीत केला. "लिही. रामराम. चित्र चांगलं सांभाळजो. भिंतीवर लावताना चौकट उजव्या बाजूनं दाबू नोको. तिथं एक मानूस आहे, तो झाकल्या नाई गेला पायजे. आमच्या इकडं तो झाकल्या गेलता, तं बाई इतके वर्सं एकटीच उभी राह्यली." आणि खाली त्यांनी मला मामींचं नाव घालायला लावलं, स्वतःच्या नावाच्या आधी.

महिन्याभराने उत्तर आलं. लिलावघरातल्या एका बाईंनी लिहिलं होतं की तुमचं पत्र नव्या मालकांना दिलं आहे, त्यांनी ते दोनदा वाचलं. मी वाडीत जाऊन मामाजींना ते वाचून दाखवलं. ते वांगी तोडत होते. "बरं झालं," म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे सरकले.

मागच्या आठवड्यात मी बाजारात गेले तर ते समोरून लगबगीने येताना दिसले. हर्रास नुकतीच आटपली होती. एरवी माल विकला की मामाजी दुपारपर्यंत हॉटेलात बसत, चहावर चहा, दहा जणांशी गप्पा, असं बाजारातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, "मामाजी, इतक्या लवकर? घरी तर कोणी नाही."

"नाई न," ते म्हणाले. "पन दारातली कोनाची वाट पाहे, ते आता मले माहीत झालं."

पवनारची बस लागली होती. दाराशी गर्दी होती, तरी ते रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या आधी चढले.