मानपत्रातली कथा

कंपनीत सुरेंद्रला सगळे ‘लेखक’ म्हणत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. चाकणच्या त्या कारखान्यात सुरक्षा सप्ताहाची घोषणा त्याची, गणपतीचं निवेदन त्याचं, कुणाच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतल्या चार ओळी त्याच्या, आणि कुणाचे वडील गेले तर श्रद्धांजलीचा मजकूरही त्याचाच. स्टोअरमध्ये बसून सुटे भाग देणाऱ्या माणसाला याहून जास्त कीर्ती ती काय हवी? पण सुरेंद्रला हवी होती. त्याला कथाकार व्हायचं होतं. बावीस वर्षं तो कथा लिहीत होता आणि बावीस वर्षांत त्याची एकही कथा छापून आली नव्हती.

पूर्वी निदान ‘साभार परत’ तरी यायचं. पोस्टमनच्या हातात जाडसर पाकीट दिसलं की काय ते कळायचं. आता मेल जाते ती जाते. नकार कळवायचीसुद्धा कुणाला गरज वाटत नाही. सुरेंद्रला त्या परत येणाऱ्या पाकिटांचीही आठवण यायची, यावरून काय ते समजा.

निगडीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून तो मोबाइलवर लिहायचा. शेजारी ज्योतीराम. तो मेंटेनन्समधला, वाचनाशी उभा दावा. “काय लेखक, मेला का तुमचा हिरो?” एवढं विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आत घोरायला लागायचा. कथा वाचणारं माणूस म्हणाल तर एकच, सुरेंद्रची बायको पद्मजा. ती शाळेत शिकवते, त्यामुळे चुका काढल्याशिवाय कागद खाली ठेवत नाही. “सगळं छान आहे, पण तुझी माणसं फार शहाण्यासारखी बोलतात,” हे तिचं ठरलेलं मत.

एका कथेबद्दल मात्र तिनं काहीच काढलं नव्हतं. ती कथा त्याला सुचली मोशीच्या चौकात. बस थांबली होती आणि रस्त्याकडेला डबा घेऊन उभा असलेला एक वयस्कर कामगार दुसऱ्या एकाच्या पाठीवरून हात फिरवत होता. दिसलं ते एवढंच. बाकी सगळं सुरेंद्रनं आठ महिने खपून रचलं. पत्र्याचे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये नव्यानं लागलेला एकजण डाय, म्हणजे साचा, चुकीचा बसवतो, दिवसभराचा माल वाया जातो. त्याची नोकरी जाणार, घरी बायकोचे दिवस भरलेले. तेव्हा जुना ऑपरेटर पुढे होतो, म्हणतो, “सेटिंग मी केलं होतं.” त्यापायी त्याची सुपरवायझरची बढती जाते. तो हे कुणाला सांगत नाही, बायकोलाही नाही. ही कथा चार ठिकाणी पाठवून झाली होती. चारही ठिकाणी शांतता.

मे महिन्यात प्रेस शॉपचे अर्जुनराव निवृत्त झाले. मानपत्र अर्थातच लेखकानं लिहायचं. सुरेंद्र चौकशी करत फिरला. एकानं सांगितलं, “चांगला माणूस.” दुसरा म्हणाला, “डबा वेळेवर खायचे.” चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाबद्दल सांगण्यासारखं कुणापाशी काही नव्हतं. चार वाजता कार्यक्रम, दोनच्या आत मजकूर फ्रेमवाल्याकडे जायला हवा. सुरेंद्रचं डोकं चालेना. आणि मग त्यानं नको ते केलं. आपल्या कथेतला तो प्रसंग उचलला, ‘जुने लोक सांगतात की’ अशी सुरुवात केली, आणि अर्जुनरावांच्या नावावर घालून दिला.

कार्यक्रमात त्यानंच वाचलं. प्रसंग सुरू झाला आणि कॅन्टीनमध्ये वेफर्सच्या पिशव्यांचा आवाज बंद झाला. संपलं तेव्हा दोघेतिघे डोळे पुसत होते, आणि पहिल्या रांगेत अर्जुनरावांच्या पत्नी कस्तुराबाई पदरात तोंड घालून रडत होत्या. सुरेंद्रचा ऊर भरून आला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याची कथा लोकांनी शेवटपर्यंत ऐकली होती! आणि ती आपली आहे हे तो कुणालाही सांगू शकत नव्हता.

निघताना अर्जुनरावांनी त्याला बाजूला घेतलं. “लेखक, ते कुणाचं वाचलं तुमी?”

सुरेंद्रनं मान खाली घातली.

“सुपरवायझरची परीक्षा दोनदा दिली म्या. दोन्ही बारीला नापास. घरी सांगितलंच न्हाई कदी.” त्यांनी लांबूनच कस्तुराबाईंकडे पाहिलं. “आता ऱ्हाऊ द्या. असंच ऱ्हाऊ द्या.”

पण टाळ्यांची चव जिभेवर राहिली होती. त्याच आठवड्यात सुरेंद्रनं कथा पुन्हा एका दिवाळी अंकाला पाठवली. नेहमीसारखीच जाईल विहिरीत, अशी त्याची खात्री होती. ऑगस्टमध्ये संपादकांचा फोन आला. “कथा घेतोय. फोटो पाठवा. आणि हो, आम्ही प्रत्येक कथेखाली अर्धं पान देतो, कथा कशी सुचली त्याबद्दल. तेवढं लिहा.”

ते अर्धं पान तर सुरेंद्रनं कधीचंच मनात लिहून ठेवलं होतं! मोशीचा चौक, तो पाठीवरचा हात, आणि मग शून्यातून उभी राहिलेली माणसं. पद्मजानं त्याला इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभं केलं, सात फोटो काढले. आठवा काढता काढता ती थांबली. “सुरेंद्र, अर्जुनरावांना विचारलंस का?”

रविवारी तो रहाटणीला गेला. समोरच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींच्या ओळीत मानपत्र टांगलेलं. अर्जुनराव घाईनं म्हणाले, “बसा, बसा.” कस्तुराबाईंनी चहा आणला आणि स्वतःही समोर बसल्या.

“भाऊ, तुमचं लई उपकार झालं. माझी धाकली जाव सुपरवायझरची बायकू म्हणून मिरवायची. मी जळायची, अन् ह्यांच्या ताटात रोज तेच वाढायची. तीस वरसं बोल लावला ह्यांना. एकदा तरी तोंड उघडायचं व्हतं का न्हाई?” त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की सुरेंद्रनंच नजर वळवली. “आता सकाळी च्या देताना माझी मलाच लाज वाटती बघा.”

अर्जुनराव कपातल्या चहाकडे बघत राहिले. कथा आपण मनानं रचली असं अंकात छापून येणार, हे सांगायला आलेल्या सुरेंद्रनं ते सांगितलंच नाही. “कथा येतेय दिवाळीत. यांच्यावरची,” एवढंच तो म्हणाला. कस्तुराबाईंनी हात जोडले, आणि अर्जुनरावांनी खोल श्वास सोडला.

कथाच मागे घ्यावी, असंही घरी येताना त्याच्या मनात आलं. ते काही त्याला जमलं नाही. बावीस वर्षांची भूक होती ती, एवढी साधुवृत्ती त्याच्यात नव्हती. संध्याकाळी त्यानं अर्धं पान लिहायला घेतलं. मोशीच्या चौकाबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. मग लिहिलं, ‘ही कथा मला सुचलेली नाही. ही आमच्या कंपनीतले निवृत्त ऑपरेटर अर्जुनराव यांची खरी हकिकत आहे. मी फक्त उतरवून काढली.’ पाठवण्याआधी पद्मजाला दाखवलं. तिनं याही वेळी एकही चूक काढली नाही, त्याच्या खांद्यावर हात ठेवून ती नुसती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. “अहो, सत्य घटना आहे हे आधी नाही का सांगायचं? मग ही कथा विभागात कशी घेणार? ‘अनुभव’मध्ये टाकतो. छानच लिहिलंय, काळजी करू नका.”

अंक आला. अनुक्रमणिकेत कथाकारांची नावं ठळक अक्षरांत होती, आणि खूप खाली, ‘अनुभव’च्या यादीत, सुरेंद्र. कंपनीनं दहा प्रती घेतल्या. कस्तुराबाईंनी दोन मागवल्या, त्यातली एक जावेसाठी. सुरेंद्रला आनंद झाला नाही असं नाही. पण अंक हातात घेऊन तो पुन्हा पुन्हा ती अनुक्रमणिकाच बघायचा, आणि वरच्या यादीत आपलं नाव कुठे बसलं असतं ते बोटानं चाचपायचा.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर बसमध्ये ज्योतीरामनं अंक मागून घेतला. निगडी सुटली, मोशी गेली, तरी तो झोपला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून त्यानं अंक मिटला, नाक ओढलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला. चाकण आलं तसा म्हणाला, “भारी उतरवलंय राव. रडवलं तुम्ही.”

मग अंक परत देता देता, अगदी मनापासून म्हणाला, “लेखक, आता एखादी स्वतःच्या डोक्यानं रचलेली पण लिहा की!”

“बघू,” सुरेंद्र म्हणाला. “सुचली की लिहितो.”