निःपक्षपाती, दोन ओळींत

विश्रामबागेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, कॉलेजांची वार्षिकं असं काम चालतं. तीन वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचा गौरवग्रंथ माझ्याकडे आला. संपादक होते त्याच संस्थेतून निवृत्त झालेले मराठीचे गुरुजी. प्रूफ तपासायला ते म्हसवडहून एसटीने यायचे, पिशवीत डबा आणि लाल पेन घेऊन.

अध्यक्षांच्या कार्यकर्त्यांना प्रत्येक पानावर आपापला फोटो हवा होता. म्हणून पानाचे तीन कॉलम पाडले. कॉलम इतके अरुंद झाले की दोन्ही कडा सरळ ठेवताना शब्दांमध्ये ही भली मोठी भगदाडं पडायला लागली.

गुरुजी म्हणाले, "ताई, ओळींचे दात पडलेत. काहीतरी करा."

मी सॉफ्टवेअरला शब्द तोडायची परवानगी दिली. बसत नसेल तिथे तोडायचं, हायफन द्यायचं, उरलेलं खालच्या ओळीत. भगदाडं बुजली, मी खुश. प्रूफ संस्थेत गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य कार्यकर्ता दुकानात हजर.

"आवं म्याडम, ह्ये काय छापलंय?" त्याने पान माझ्यासमोर आपटलं. 'निः' कॉलमच्या तळाला राहिलं होतं आणि शेजारच्या कॉलमच्या डोक्यावर, अध्यक्षसाहेबांच्या फोटोला अगदी चिकटून, 'पक्षपाती नेतृत्व'. पुढच्या पानावर तसंच 'अजात' मागे पडलं होतं आणि साहेब नुसतेच शत्रू झाले होते.

"पण वाक्य सलग वाचलं की..."

"सलग कोण वाचतंय? फोटूशेजारचं तेवढं वाचत्यात!"

गुरुजी प्रूफात तोंड खुपसून बसले होते. त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

मग गुरुजींनी आणि मी न तोडायच्या शब्दांची यादी केली. निःस्वार्थी, निःपक्षपाती, बिनविरोध. एकेक शब्द सॉफ्टवेअरला शिकवला. गुरुजी म्हणाले, "पस्तीस वर्षं पोरांना शब्द फोडायला शिकवले. आता यंत्राला फोडू नको म्हणून सांगतोय."

पुढचं प्रूफ साहेबांनी स्वतः पाहिलं. त्यांचं नाव तुटलेलं होतं. नाव, त्याआधी समाजभूषण, शिक्षणमहर्षी आणि आणखी तीन पदव्या, हे सगळं चार ओळींत पसरलेलं. निरोप आला: साहेबांचं नाव पदव्यांसकट एकत्रच राहिलं पाहिजे, कुठं तुटायचं न्हाई.

मी नाव आणि पदव्या निवडल्या, 'तोडू नका' अशी सूचना दिली. त्याबरोबर पहिला लेख पानावरून नाहीसा झाला. एवढं लांब नाव एका ओळीत मावेना, तोडायची मनाई, म्हणून सॉफ्टवेअरने नाव आणि त्यामागचा सगळा मजकूर चौकटीबाहेर ढकलला. वर साहेबांचा फोटो, खाली कोरा कागद.

मी फोनवर कार्यकर्त्याला सांगितलं, "एक तर पदव्या कमी करा, नाहीतर फोटो. कॉलम एकच ठेवला तर नाव मावेल."

"पदव्या न्हाई कमी व्हायच्या," तो म्हणाला. फोटो गेले. त्यात त्याचाही गेला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही.

ग्रंथाचं प्रकाशन झालं. साहेबांनी तो हातात तोलून पाहिला, "लय जड झालाय की," म्हणाले आणि न उघडता शेजारच्याकडे दिला.

महिन्याभराने गुरुजी पुन्हा आले. या वेळी पिशवीत त्यांची स्वतःची वही होती. माणदेशात मेंढरांमागं फिरणाऱ्या वडिलांच्या आठवणी, साठेक पानं. आपण हे लिहितोय हे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

"शब्द तोडू का?" मी विचारलं.

"तोडा हवे तिथे. फक्त अक्षर जरा मोठं ठेवा, आईला दिसत नाही आता."

मी अठरा पॉइंटचा मोठा टाइप घेतला आणि पहिलं पान लावायला बसले.