सुगतच्या पायाला बॉल लागला नाही

सुगत गेल्याचं कळलं तेव्हा मी मोताळ्याला शाळेत होतो आणि सातवीच्या पोरांकडून कबड्डीचं मैदान आखून घेत होतो. फोन आमच्या गावाहून, देऊळघाटहून होता. बुलडाण्याच्या स्टँडवर त्याची काळीपिवळी भरली, मागे माणसं कोंबून झाली, पुढच्या सीटवरचा माणूस म्हणाला चला आता, तरी गाडी हलेना. सुगत स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसलेला. लोकांना वाटलं डुलकी लागली, म्हणून दोघा-तिघांनी शिव्याही घातल्या. सत्तेचाळीस वर्षांचा होता. माझा शाळेपासूनचा दोस्त. मी फोन खिशात ठेवला आणि फक्कीची राहिलेली रेघ पुरी करून घेतली. अशा वेळी माणसाला काय सुचेल सांगता येत नाही... मला रेघ सुचली.

त्याच्या पुण्यानुमोदनाला चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. 'आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू, बुलडाणा जिल्ह्याची शान.' धड कुठल्यातरी गोऱ्या खेळाडूचं आणि त्यावर सुगतचं आधार कार्डावरचं तोंड. खाली एका पुढाऱ्याचा फोटो, तो सुगतपेक्षा मोठा. या पुढाऱ्याने भाषणात सांगितलं, की सातासमुद्रापलीकडचे गोलकीपर सुगतचं नाव ऐकून थरथर कापायचे. मी स्वतः गोलकीपर. दुसऱ्या रांगेत बसलो होतो, मला हसू आवरेना. जी तोंडं कालपर्यंत 'काय बे बेंचवाल्या' म्हणून त्याच्या गाडीत चढत होती, ती आता दोन मिनिटं मौन पाळत होती. मेलेल्या माणसाची तारीफ करायला अक्कल लागत नाही आणि हिंमत तर मुळीच लागत नाही. तो काही उलटून विचारायला उठत नसतो.

खुर्च्या गोळा होत असताना त्याची मुलगी प्रज्ञा माझ्याजवळ आली. एकवीस वर्षांची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, बापासारखीच लांब पायांची आणि कमी बोलणारी. पेपरच्या पुरवणीत मी काहीतरी लिहिणार आहे हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"चाचा, मी अकरा वर्षांची होईतोवर बाबा मले वर्षातून एकदा-दोनदा दिसले. पाव्हन्यासारखे," ती म्हणाली. "ते कशापायी गेले व्हते, तेवढं मले कोनी खरं सांगत नाही. ते खरंच चांगले खेळत व्हते का? तुमी त्यायच्यासंगं खेळले, तुमाले ठाऊक असंल. खोटं असंल तं लिहू नका."

म्हणून हा लेख द्यायला मला इतके दिवस लागले. पोरीने बापाची तारीफ मागितली असती तर मी एका बैठकीत लिहून दिली असती. तिला तिची अकरा वर्षं कुठे गेली ते विचारायचं होतं, आणि त्याचं उत्तर ज्या माणसाकडे होतं तो माणूस फार सरळ नाही. पुढे वाचाल तसं कळेल.

आधी एक कबूल करतो. फॉरवर्ड ही जातच मला कधी आवडली नाही. दहा जण राबतात, चिखलात लोळतात, गुडघे फोडून घेतात, आणि हा पुढे उभा राहून शेवटचा पाय लावतो. मग असा धावत सुटतो, की जणू बॉल यानेच शिवला. गोलकीपर मात्र नव्वद मिनिटं मागे उभा राहतो, सगळं बघतो, आणि चुकला तरच लोकांना आठवतो. सुगतला मी हे तोंडावर सांगायचो. तो म्हणायचा, "मंग तू ये नं पुढे, बे." मी कधी गेलो नाही.

तो फॉरवर्ड कसा झाला तेही सांगायला हवं. आम्ही सतरा वर्षांचे असताना बुलडाण्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. टेबलावर बाहेरगावचे एक साहेब वही घेऊन बसलेले. माझा नंबर आधी होता, मी गोलकीपर लिहून घेतलं. मागे सुगत. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "बॅक का फॉरवर्ड?" आता आमच्या शाळेत हा शब्द एकाच कामाला यायचा. दरवर्षी शिष्यवृत्तीच्या यादीसाठी क्लार्क वर्गात येऊन म्हणायचा, बॅकवर्डवाले हात वर करा, आणि सुगत हात वर करायचा. त्याच सवयीने तो ताठ उभा राहून म्हणाला, "बॅकवर्ड, सर."

अख्खं टेबल हसलं. साहेब हसत हसत 'बॅक' लिहून मोकळे झाले. मीही हसलो. शाळेत माझा हात खाली असायचा, त्यामुळे मला हसायला सोपं होतं. आणि नुसतं हसून माझं भागलं नाही. संध्याकाळी देऊळघाटच्या टपरीवर मीच तो किस्सा रंगवून सांगितला, त्याचा आवाज काढून, त्याच्यासारखी मान ताठ करून. तीन दिवसांत गावात त्याचं नाव बॅकवर्ड पडलं. पोरं त्याला तसं हाक मारायची, पुढे त्यांची पोरंही मारायला लागली, आणि हे नाव कुणी ठेवलं हे सगळे विसरून गेले. मी ठेवलं. निवडीच्या सामन्यात सुगतला मागे उभं केलं होतं, तर साहेबांच्या शिव्या खात तो जागा सोडून पुढे आला आणि मी उभा होतो त्या गोलात दोनदा बॉल घातला. मग साहेबांनी वहीतलं 'बॅक' खोडून 'फॉरवर्ड' लिहिलं.

निवड दोघांची झाली. पुढच्या वर्षी नागपूरच्या एका क्लबचं बोलावणंही दोघांना आलं. माझ्या अब्बांनी डी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता. लोकांना मी सांगतो, की अब्बांनी जाऊ दिलं नाही. साफ खोटं. ते एवढंच म्हणाले होते, की बघ तुझं तू. मी घाबरलो आणि फॉर्म भरला. सुगत एक पत्र्याची पेटी घेऊन गेला. नागपूर, मग मुंबईतल्या एका कंपनीचा संघ, मग गोवा, आणि मग देशाबाहेर... ढाका, माले, थिंफू, काठमांडू.

गावाला विदेश म्हटलं की विमान आणि गोऱ्या मडमा दिसतात. हा विदेश तसला नव्हता. तिकडच्या क्लबांना परदेशी खेळाडू म्हणून सहा फुटी आफ्रिकन गडी हवा असतो. तो मिळाला नाही, किंवा मिळून त्याचा पाय मुरगळला, की सुगतला फोन जायचा. एक सिझन इथं, दीड सिझन तिथं, बराचसा काळ बेंचवर. लग्न झालं, प्रज्ञा झाली, शोभावहिनी इथं अंगणवाडीत पोरं सांभाळत राहिल्या आणि हा तिकडे दुसऱ्याचा पाय मुरगळण्याची वाट बघत राहिला. असं मी गावात म्हणायचो. वहिनींच्या कानावर जात असणारच.

तो फोन करायचा. ढाक्याच्या मैदानात पाणी कसं साचतं, मालेत बॉल वाऱ्याने कसा फिरतो, थिंफूला पहिला महिनाभर धाप कशी लागते, हे सगळं हौसेने सांगायचा. मी एकच विचारायचो, गोल? तो म्हणायचा, नाही झाला. झाला असला तर झाला म्हणायचा, पण ते क्वचित. तो कधी खोटं बोलला नाही, ते काम गावाने केलं. मी म्हणायचो, "मंग काय झक माराले गेला बे तिकडे?" तो हसायचा. फोन ठेवल्यावर मला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं, लपवून काय करू. तिकडे त्याचा गोल झाला नाही, की इकडे माझा फॉर्म भरण्याचा निर्णय बरोबर ठरायचा.

एकदा आमची शिक्षकांची सहल काठमांडूला गेली. बाकीचे मास्तर ब्लँकेटं घ्यायला बाजारात गेले आणि मी टॅक्सी करून मैदानावर गेलो. सुगत बेंचवर होता. पस्तिशी उलटलेली, कपाळ मोठं झालेलं. शेवटची वीसेक मिनिटं त्याला उतरवला आणि तेवढ्या वेळात त्याच्या पायाला एकदाही बॉल लागला नाही. नुसता पळत होता. त्याचा संघ जिंकला, गोल दुसऱ्याने केला. नंतर आम्ही स्टेडियमबाहेर चहा प्यायलो. मी म्हणालो, "तुह्या पायाले बॉल तरी लागला का बे?" म्हणाला, नाही. मग कप फिरवत त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "रफ्या, तुले दिसलं का?"

मी म्हणालो, काय? तो म्हणाला, "काही नाही."

देऊळघाटला परतल्यावर मी महिनाभर तेच पुराण लावलं. नेपाळपर्यंत जाऊन पाहून आलो बाप्पा, पोट्ट्याच्या पायाला बॉल लागला नाही. लोक पोट धरून हसले. 'बेंचवाला' हे नाव तेव्हापासूनचं. म्हणजे तेही माझंच. आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं, हीच माझी चलाखी. खोटं बोलणाऱ्याला निदान कधीतरी पकडतात.

त्यानंतर दोन वर्षांनी त्याचा गुडघा गेला आणि तो कायमचा घरी आला. कुठल्या शाळेत खेळाच्या मास्तराची जागा निघाली तर त्याच्याकडे कागद नव्हता. कागद माझ्याकडे होता. चार देशांत खेळलेला माणूस देऊळघाट ते बुलडाणा काळीपिवळी चालवायला आणि प्रवाशांना 'सीट' म्हणायला लागला, आणि जिल्ह्याच्या संघापुढे कधी न गेलेला माणूस सरकारी पगारावर पोरांना फुटबॉल शिकवत राहिला. दहा वर्षांत मी त्याला एकदाही शाळेत बोलावलं नाही. ये, पोरांना दाखव, एवढं म्हटलं असतं तर तो गाडी सोडून आला असता. मग पोरांनी त्याचे पाय बघितले असते आणि नंतर माझे बघितले असते. फ्लेक्सवाल्या पुढाऱ्याला मी हसलो खरा, पण त्याने सुगतचं फक्त धड बदललं. मी काय केलं ते मोजायला बसलो तर हा कागद पुरणार नाही.

मागच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. वहिनी मेथी निवडत होत्या. प्रज्ञाने खुर्ची दिली, आणि मी आधी बॅकवर्डचा किस्सा सांगितला. ते नाव माझ्यापासून निघालं हे तिला ठाऊक नव्हतं. मग मी काठमांडूचं सांगायला घेतलं. यावेळी सगळं.

सामना संपत आला होता. बॉल मधल्या खेळाडूकडे होता आणि सुगत हात वर करून डावीकडच्या कोपऱ्याकडे असा सुटला, की बघणाऱ्याला वाटावं आता पास यालाच. पास त्याला मिळणारच नव्हता, आणि ते त्याला पळायच्या आधीपासून ठाऊक होतं. समोरच्यांचे दोन बॅक त्याच्यामागे ओढले गेले. त्यांचा गोलकीपर दोन पावलं तिकडे सरकला. मधली जागा सताड उघडी पडली आणि दुसऱ्या फॉरवर्डने, सहा फुटी परदेशी गड्याने, जवळजवळ चालत जाऊन बॉल आत ढकलला. सगळा संघ त्या गड्याच्या अंगावर पडला. सुगत कोपऱ्यातल्या झेंड्याजवळून एकटाच चालत मधल्या रेघेवर आला. त्या जागी मी गोलात उभा असतो तर मीही दोन पावलं सरकलो असतो. हे मला तिथंच, त्याच क्षणी कळलं होतं.

"तो गोल तुह्या बापाचा व्हता," मी प्रज्ञाला म्हणालो. "बॉल आपल्याले भेटनार नाही हे मालूम असून तसं पळाले लय मोठा खेळाडू लागते. तो सगळीकडे हेच करत असंल, म्हनून तं क्लबवाले त्याले बलावत व्हते. चांगला व्हता, बेटा. मी पाह्यलेल्यायत सगळ्यात चांगला."

तिचे डोळे भरले. ते पुसून तिने विचारलं, "हे तुमी बाबाले सांगतलं व्हतं?"

"नाही."

"दहा वर्षं ते इथंच व्हते, चाचा."

या घरात रडायचा आपल्याला काय हक्क, असं वाटून मी मान खाली घातली... मेथी निवडता निवडता वहिनी बोलल्या, वर न बघता.

"त्यायले मालूम व्हतं, रफिकभाऊ. त्याच दिवशी काठमांडूहून फोन आलता. म्हने, रफ्या आला व्हता पाहाले. मी इचारलं, काय म्हने मंग? तं म्हने, तो काही म्हनत नाही, पन त्याले दिसलं. गोलकीपर हाय तो."

प्रज्ञा म्हणाली, हे सगळं लिहा, काही सोडू नका, आणि तुमचं नाव टाका. तसं केलं आहे. रोज सकाळी मी मोताळ्याला निघायच्या वेळी सुगतची गाडी आमच्या फाटकासमोरून जायची. मी अंगणात स्कूटरला किक मारत असायचो. तो गाडी हळू करायचा, पार थांबल्यासारखी, काठमांडूला चहा पिताना बघितलं होतं तसं खिडकीतून माझ्याकडे बघायचा, मी नुसती मान हलवायचो आणि तो पुढे निघून जायचा. दहा वर्षं हे चाललं. आता ती गाडी दुसरा ड्रायव्हर चालवतो आणि तो आमच्या दारात हळू करत नाही, तरी त्या वेळेला माझा पाय किकवर थांबतो. मला इतकी वर्षं वाटायचं, सुगत सीट शोधतोय.