राणीच्या पाठीवरचा ठिपका

"सरका गं बायांनो, वाट द्या."

मधपेटीचं झाकण उघडलं की आण्णा माश्यांना असं म्हणायचे. नळावरच्या गर्दीतून घागर काढावी तसं. मी परकर सावरत त्यांच्या मागे उभी असायची. माश्या त्या आवाजालाच सरकतात, असं मला खरंच वाटायचं. राणी सापडली की गवताच्या काडीनं तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचे आणि काडीवर उरलेला रंग माझ्या अंगठ्याच्या नखावर. "झाली आमचीबी राणी."

फाल्गुनातल्या या दुपारी तोच आवाज कानात घेऊन मी ओसरीवर आडवी झालेय. हाताला अजून धुराचा वास आहे. आत्ताच जांभळीखालची पेटी बघून आले. राणी थकलीय. अंडी एका घरात आहेत तर चार घरं रिकामी, आणि आहेत त्यांतून नुसते नर निघतायत. नर काही मध आणत नाहीत. पलीकडच्या भरल्या पेटीत नव्या राणीचं घर पिकत आलंय. ते इथं आणून लावलं तर हे मोहोळ वाचेल. पण म्हातारी असेपर्यंत माश्या दुसरीला घेत नाहीत. तिला आधी चिमटीत धरून संपवावं लागतं. आज करू, उद्या करू म्हणत मी झाकण लावून परत येते. तिच्या पाठीवरचा ठिपका आण्णांच्या हातचा शेवटचा. दिवाळीच्या तोंडावर ते गेले.

पापण्या जड होतात. गुणगुण आत शिरते, आणि तिच्यात कुठूनशी ओवी मिसळते:

बहरली गं जांभळ, माशी निघाली रानात
माझ्या बापाचा गं बोल, माझ्या राहिला मनात

ओवी थांबते तेव्हा आण्णा पायरीवर बसलेले असतात. अंगात तोच निळा सदरा.

"झोपलीस व्हय?"

"नाही. तुमी कवा आलात? आणि हा सदरा तर आईनं बोहारणीला दिला."

"मग काय उघडा येऊ? टोप तरी बरा आला का, विचार तिला."

मी हसते. हसता हसता पायरी उतरते, तर खाली अंगण नाही. दवाखान्याचा लांब व्हरांडा आहे. खाटा पेटीतल्या चौकटींसारख्या खेटून लावलेल्या. भिंतींवरून मेण ओघळलंय. बायांची ही दाटी. सगळ्यांचे पदर डोक्यावरून पुढे ओढलेले, तोंड कुणाचंच दिसत नाही, नुसती गुणगुण. "सरका गं बायांनो," आण्णा म्हणतात, आणि त्या सरकतात.

शेवटच्या खाटेवर, उशीच्या खळग्यात, म्हातारी राणी बसलीय. पंखांच्या कडा झिजल्यात. ही आण्णांचीच खाट. इथंच ते रोज संध्याकाळी विचारायचे, "मी गेल्यावर पेट्यांचं कसं?" आणि मी चादर नीट करत म्हणायची, "तसलं बोलायचं नाही. पुढच्या जांभळीला तुमीच उघडणार." ते भिंतीकडे तोंड करायचे.

"आण्णा, राणी थकायच्या आत बदलायचा तुमी. हिला गेल्या साली का ठेवलीत?"

खिडकीतून जांभळीचा मोहर आत येतो, चादरीवर सांडत राहतो. आण्णा तो तळहातानं गोळा करतात.

"घेतली होती चिमटीत. त्याच दिवशी साताऱ्याहून आलो होतो. डॉक्टर म्हणाला, आता फार नाही. घरात सांगितलं, पोटात वारा धरतोय."

"आणि मी ओव्याचं पाणी देत राहिले."

"दिलंस. प्यायलो की."

"मग राणी?"

"बोटं मिटंनात. इतक्या राण्या काढल्या, कवा काय वाटलं नाही. त्या दिवशी ती बोटांत वळवळली, आणि..." हातातला मोहर ते पुन्हा चादरीवर ठेवतात. "मला भ्या वाटलं, वेणू."

दोराला लोंबकळत कड्यावरची पोळी काढलेला हा माणूस. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी त्यांचा हात धरायला जाते, तर तेच माझा अंगठा धरतात. दुसऱ्या हातात गवताची काडी. नखाला गार लागतं.

"वाळू दे. फुंकू नको."

गार तसंच राहतं, आणि ओसरीवर ऊन आलेलं असतं. आत आई भांडी लावतेय. मी अंगठा डोळ्यांसमोर धरते. नखावर पांढरा ठिपका. खरवडते, निघत नाही. कोनाड्यातली रंगाची बाटली हलवून बघते. आतला रंग वाळून दगड झालाय.

मी जांभळीखाली जाते. धूर करत नाही. झाकण काढते.

"सरका गं बायांनो."

आवाज माझाच आहे. तरी त्या सरकतात. मधल्या चौकटीवर ती सापडते, हळूहळू चालणारी, ठिपकेवाली. मी तिला चिमटीत घेते. ती वळवळते. माझीही बोटं मिटत नाहीत. वरून मोहर गळतो, हातावर, तिच्यावर. मला ती खाट दिसते, भिंतीकडे वळलेलं तोंड दिसतं, आणि रोज संध्याकाळी विचारलेल्या त्या प्रश्नाला उत्तर देत मी बोटं मिटते.

"पेट्या मी बघते, आण्णा. जावा तुमी आता."