कडूबा आणि समोरचा वारा

कडूबाला पगार टपाल वाटायचा मिळत होता, पण त्याची निम्मी नोकरी वाऱ्याशी भांडण्यात गेली. हसनाबादच्या पोस्टातून माळेवाडीचा रस्ता नऊ किलोमीटर, नाकासमोर पश्चिमेला. उन्हाळ्यात दुपारी वारा सुटायचा तोही पश्चिमेकडूनच. म्हणून कडूबा सकाळी गारव्यात जायचा आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन यायचा. "येताना सरकार मागून ढकलतंय," असं बायकोला, सगुणाबाईला, सांगायचा.

शाळेत तो सातवीपुढे गेला नव्हता. वाऱ्याचं गणित मात्र त्याला सायकलनेच शिकवलं. ओढ्याच्या उतारावर तो पायडल सोडून द्यायचा आणि सायकल आपोआप कुठवर जाते ते बघायचा. छाती काढून बसलं की ती बाभळीच्या अलीकडेच दम टाकायची. हँडलवर वाकून, कोपरं आत घेऊन बसलं की बाभूळ ओलांडून मैलाच्या दगडापर्यंत जायची. माणूस तोच, उतार तोच. वारा पडलेला असला तरी तसंच व्हायचं. त्यावरून त्याने ठरवलं की बाहेरचा वारा नसला तर माणूस स्वतःचा वारा तयार करतो, आणि जितकी घाई करावी तितका तो अंगावर येतो. "हळू गेलं तर रामराम घालतो, जोरात गेलं तर गचांडी धरतो," हे त्याचं शास्त्र. माळेवाडीची पोरं त्याला 'वाकडा डाकवाला' म्हणायची. म्हणोत बापडी.

एकच गोष्ट या शास्त्राच्या आड यायची, ती म्हणजे त्याचा खाकी कोट. खालची दोन बटणं तुटलेली, त्यामुळे तो वाऱ्यात दोन्ही बाजूंनी फुगायचा आणि कडूबाला मागे ओढायचा. पण कोट काढायचा म्हणजे काय? कोट नसला तर हातातला कागद सरकारी राहत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. सोळा वर्षांत तो बिनकोटाचा कुणाच्या दारात उभा राहिला नव्हता.

सत्त्याऐंशी सालच्या चैत्रात मात्र पंचाईत झाली. टपालाची एसटी वाटेत बंद पडली आणि सकाळची थैली दुपारी अडीचला आली. थैलीत माळेवाडीच्या बेबीनंदाचं छापील कार्ड होतं. नर्सच्या शिक्षणाची मुलाखत, औरंगाबादला, उद्या सकाळी दहाला. तिचा अर्ज कडूबानेच ओट्यावर बसून लिहून दिला होता. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं, हेही त्याला ठाऊक होतं. आणि माळेवाडीतून औरंगाबादला जाणारी एकच गाडी, चारची.

"उद्या द्या," पोस्टमास्तर भालचंद्रराव म्हणाले. "या वाऱ्यात कुठं जाता?"

"उद्या ते कार्ड रद्दी हाये, साहेब," कडूबा म्हणाला आणि निघाला.

गावाबाहेर पडताच वाऱ्याने गचांडी धरली. सायकल जाईना, नुसती डुलायला लागली. तेवढ्यात कडब्याने भरलेली एक ट्रॉली पुढे निघाली, घराएवढी उंच. कडूबा तिच्या पाठीला चिकटला. तोंडावर भुसा, डोळ्यांत धूळ, पण वारा गायब! पायडल लोण्यातून फिरल्यासारखं फिरू लागलं. त्याला वाटलं, देवानेच ट्रॅक्टर धाडला. पण चार किलोमीटरवर देवाचा ट्रॅक्टर शेताकडे वळला.

मग पुन्हा वारा. कोट शिडासारखा भरला. बाभळीपाशी पोचेतो साडेतीन वाजून गेले होते आणि पायांत गोळे आले होते. कडूबा उतरला. एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे. मग त्याने कोट काढून बाभळीला अडकवला, थैली पाठीशी घट्ट बांधली, कार्ड बनियनच्या आत खोचलं आणि हँडलवर पालथाच झाला. सोळा वर्षांची अब्रू झाडाला टांगून माणूस निघाला. पण सायकल चालली, खरंच चालली.

झुंबरबाई, बेबीनंदाची आई, दारात पीठ मळत होती. विधवा बाई, आणि भोकरदनला तिचा भाऊ आजारी. तिने पाहिलं तर डाकवाला बिनकोटाचा, धापा टाकत, अवेळी दारात. त्याने बनियनमधून घामाने भिजलेलं कार्ड ओढलं, आणि त्याचा एक कोपरा बनियनलाच चिकटून राहिला. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात, हे अडाणी माणसालाही कळतं. झुंबरबाईने हंबरडा फोडला. आयाबाया धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी गळ्यात पडून रडायला लागलं.

"अवो न्हाई! भाऊ बराबर हाये तुमचा!" कडूबा ओरडत होता, पण त्याच्यात आवाज उरला होता कुठे! तिकडे वडाखाली गाडीचा हॉर्न वाजला. शेवटी बेबीनंदानेच गर्दीतून हात घालून कार्ड ओढलं आणि वाचलं.

"आई, मुलाखत हाये माझी! ऊठ जल्दी!"

कडूबा सायकल आडवी टाकून गाडीपुढे उभा राहिला. कंडक्टरने शिव्या घातल्या, त्याने मुकाट खाल्ल्या. मायलेकी चढल्या. झुंबरबाईच्या हाताला पीठ तसंच होतं. गाडी दिसेनाशी झाल्यावर कडूबा वडाखाली बसला आणि लहान लेकरासारखा रडला.

परतताना वारा पाठीवर होता. कोट बाभळीला तसाच फुगलेला दिसला, जणू आत कुणी आहे.

बेबीनंदा नर्स झाली. पुढे वाटूरला दवाखान्यात लागली. दर दिवाळीला तिचं कार्ड यायचं: "काका, चारी कोपरे शाबूत आहेत. वारा कसा आहे?" कडूबा उत्तर लिहायचा, "पश्चिमेचा हाये, पण आपण वाकून बसलोय." तो निवृत्त झाला, नवा डाकवाला मोटारसायकलवर आला, गावात फोन आले. बेबीनंदाने एकदा फोन केला तर कडूबा म्हणाला, "कार्डच टाक पोरी. फोनमधी वाट बघायची मजा न्हाई." कार्ड यायच्या दिवसांत तो जुना कोट घालून दारात बसायचा.

दोन हजार चारच्या पौषात वाटूरच्या दवाखान्यात एक कार्ड आलं. कोपरा फाटलेला. बेबीनंदाला तो बनियनला चिकटलेला कोपरा आठवला आणि ती उभ्या उभ्या हसली. हसतच तिने कार्ड उलटलं.

अक्षर नव्या डाकवाल्याचं होतं, सांगणं सगुणाबाईचं. "पोरी, मंगळवारी तुझे काका गेले. तुझ्या कार्डाचं उत्तर राहिलं होतं, ते मी कळवते. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता."