हाय-नायचा कोश

दातिवऱ्याची माझी मावशी घरोघर जाऊन गरोदर बायांची विचारपूस करते आणि फोनवरच्या ॲपमध्ये नोंदी लिहिते. ते ॲप मी बनवलेलं. बोईसरच्या आमच्या ऑफिसला हे काम मिळालं तेव्हा मी तिला फुशारकीने म्हटलं होतं, "मावशी, आता वह्या विसर."

किनाऱ्याला रेंज जेमतेम, म्हणून नोंदी लहान करून पाठवायच्या होत्या. त्यासाठी मी दुसऱ्यांनी लिहून आधीच कंपाइल केलेली, तयार प्रोग्रॅमची एक लायब्ररी घेतली. फोनच्या ब्राउझरमध्ये ती नोंद दाबून बारीक करी आणि सर्व्हरवर तीच पुन्हा उलगडून दाखवी. तिला आपण एक कोश देऊ शकतो. नेहमी येणारे शब्द त्यात असले की ते पूर्ण पाठवावे लागत नाहीत, नुसती खूण पुरते. मात्र दोन्हीकडे कोश तोच हवा, नाहीतर काही उलगडत नाही.

पहिला कोश मी मावशीसारख्या आरोग्यसेविकांच्या खऱ्या नोंदींवरून बनवला. त्यात "पाय सुजलं हाय", "ताप नाय" असंच सगळं. ऑफिसच्या साहेबांना काम दाखवायच्या आदल्या दिवशी तो उघडून पाहिला आणि मला लाज वाटली. मीही त्याच किनाऱ्यावरच्या चिंचणीची. कॉलेजात 'नाय' म्हटलं की मुली फिदीफिदी हसायच्या, तेव्हापासून जीभ घासून सरळ केलेली. बसून सगळा कोश शुद्ध मराठीत केला आणि सर्व्हरवरचा जुना पुसून टाकला. साहेब कोश उघडून बघणारही नव्हते.

बाकीच्या सेविकांच्या फोनने नवा कोश उतरवून घेतला. एवढा मोठा कोश दातिवऱ्याच्या रेंजमध्ये उतरेना, म्हणून मावशीचा फोन जुन्यावरच राहिला. तिच्या छोट्या नोंदी सर्व्हरला पोचत, पण उलगडत नसत. उलगडलं नाही तर रिकामं दाखव, ही ओळही माझीच.

पालघरच्या बैठकीला मी आणि साहेबही होतो. तिथे पडद्यावर मावशीच्या नावापुढे महिनाभराचं सगळं कोरं दिसलं. आरोग्य खात्याच्या मॅडमनी सगळ्यांदेखत विचारलं, "घरी बसून होतात का?"

"नाय मॅडम, मी गेलेली हाय. लिवलं पन हाय."

"मग दिसत का नाही? पुढच्या वेळी दिसलं नाही तर काम दुसरीला देऊ."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. काय झालंय ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पण शेजारी साहेब बसले होते. मी म्हणाले, "तपासावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दातिवऱ्याला गेले. जुना कोश आता फक्त तिच्याच फोनमध्ये उरला होता. तो काढून सर्व्हरवर बसवला आणि नोंदी भराभरा उलगडल्या. एकही घर सुटलेलं नव्हतं. मॅडमना मी कळवलं, "तांत्रिक अडचण दूर झाली आहे." मावशीचं काम वाचलं.

मी फोन परत दिला, तर ती आतून वही घेऊन आली. महिन्याच्या सगळ्या नोंदी तिने आठवून पुन्हा लिहायला घेतल्या होत्या. 'हाय' खोडून 'आहे', 'नाय' खोडून 'नाही'. पानामागून पान.

"तुजं मशीन आमची बोली घेत नाय ना गो? मला वाटलंच," ती म्हणाली. "बघ, आता बरोबर हाय का?"

मशीन घेत होतं मावशी, मीच काढून टाकली, असं म्हणायला हवं होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.