आयाळ असलेला वाघोबा

मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये एकच जंगल आहे. बिबट्या ते सरळ ओलांडतो. माणसाला बसने भला मोठा वळसा पडतो. वाघबारशीला (दिवाळीच्या तोंडावरची द्वादशी, या दिवशी वाघाची पूजा होते) मी आणि माझी बायको सुधा त्या वळशाने निघालो, त्याला कारण होते. मुलुंडला आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर तिला बिबट्या दिसला होता. तेव्हापासून तिचे सकाळचे फिरणे बंद होते. वाघोबाला नारळ द्यावा, असे तिच्याच मनात आले.

बोरिवलीला उतरून रिक्षा, मग पायवाट. पाड्याच्या (आदिवासी वस्तीच्या) टोकाला उंबराखाली वाघोबाचा दगड होता. ऑइलपेंटचा वास येत होता आणि दगडासमोर भांडण चालले होते.

“ही आयाळ कुणाची रे?” पूजेचे ताट घेतलेली पाड्यातली जानकीआजी पुतण्याला विचारत होती.

“नाण्यावर बघून काढला,” ब्रश धरलेला संतोष म्हणाला. “राष्ट्रीय प्राणी वाघ. नाण्यावर देशाचं चित्र. मग तो वाघच ना?”

“अरे, ते सिंह,” मी म्हणालो. “चार आहेत. समोरून तीन दिसतात, चौथा मागे.”

“चार? इथे एकाला सांभाळताना वाट लागते!” आजी म्हणाली. “पूस ती आयाळ.”

आम्ही का आलो ते ऐकून ती सुधाकडे वळली. “बाय, तू बघितलंस ना? सांग कसा होता. हा काढील.”

सुधा घरी या विषयावर एक वाक्यही बोलत नसे.

“कान गोल,” ती हळूच म्हणाली. “एक फाटलेला. मानेवर ठिपके दाट.”

“आणि काय केलं त्यानं?” आजीने विचारले.

“काही नाही. माझ्याकडे बघितलं, जांभई दिली आणि पलीकडे उतरला.”

“म्हणजे तुला कंटाळला!”

“आमचे हेही तसंच करतात,” सुधा म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

संतोषने आयाळ रॉकेलने पुसली, ठिपके काढले, फाटका कानही. वाघोबाला ठिपके कसे, असे कुणी विचारले नाही. नारळ फुटला. आजीने दिलेली, पानात भाजलेली काकडीची गोड भाकरी आम्ही तिथेच बसून खाल्ली.

परतीच्या बसमध्ये मी खिशातले नाणे काढून पाहिले. मागचा सिंह दिसत नाही, तरी तो आहे हे मी शाळेपासून मान्य केले आहे. सुधाने भिंतीपलीकडच्याला तसेच मान्य करावे, एवढीच माझी इच्छा होती. पण ते तिला सांगायचे धाडस झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार ओढून घेतल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिले तर सुधा मागच्या भिंतीपाशी पोचली होती. तिथे ती थांबली, दोन टाळ्या वाजवल्या आणि मोठ्याने म्हणाली, “मी आले रे!”

मग चालू लागली.